सूप निवतंय

गुरुवारी संध्याकाळी पांचेव्होत
बंद पडलेल्या घड्याळ-दुकानाखालच्या तळघरात दिवा लागतो.
वर कोशावा वारा शटर हलवत असतो.
खाली आम्ही चौघं:
ल्युबिंको, दिवसभर लोकांचे तुंबलेले नळ मोकळे करणारा;
राडोयका, दातांची डॉक्टर,
तिच्याइतकं नेटकं सोल्डर आमच्यात कुणाला जमत नाही;
म्हातारा तिहोमिर, जो सगळं शून्यापासून मोजतो,
अंडी, जिने, नातवंडंसुद्धा;
आणि मी.

"करता काय रे तिथं?" बायको विचारते.
काय सांगू.
पिवळी पडलेली आवरणं पेरॉक्साइड चोपडून
मिरच्यांच्या माळांशेजारी उन्हात वाळत घालतो.
फुगलेले कपॅसिटर उपटतो.
एका पंख्याची घरघर नेमकी कुठल्या सुरात आहे
यावर परवा तासभर भांडलो,
आणि निकाल लागला नाही म्हणून
पुढच्या गुरुवारी तिहोमिर पेटी घेऊन आला.

मुलगा हसतो. म्हणतो, बाबा,
तुमच्या त्या अख्ख्या मशीनची मेमरी
माझ्या एका फोटोच्या कोपऱ्यात मावेल.
मावेल ना.
पण त्या एवढ्याशा घरातली खोली न् खोली
मी स्वतःच्या हातानं झाडली आहे.
तुझ्या फोनमध्ये तू कधी उंबऱ्याच्या आत गेलास?

असो. कॅसेटचं सांगत होतो.
तेव्हा रात्री उशिरा रेडिओवरून प्रोग्राम यायचे,
चीं-चीं, किर्रर्र, सलग चार मिनिटं;
शेजाऱ्यांना वाटायचं, स्टेशन बिघडलं.
आमच्याकडे वायर नव्हती.
मी टेपरेकॉर्डर रेडिओच्या तोंडाशी धरला
आणि घरात श्वासबंदी पुकारली.
वडिलांनी पेपरचं पान उलटायचं थांबवलं.
बहीण न्हाणीघरात जाऊन बसली.
तिसऱ्या मिनिटाला
माशी शिंकली ती नेमकी स्वयंपाकघरात:
"मिलेंको, सूप निवतंय!"

चाळीस वर्षं ती कॅसेट लोड झाली नाही.
दर वेळी तिथंच घोडं अडायचं.

या सप्टेंबरात,
वर गल्लीभर भाजल्या मिरच्यांचा धूर असताना,
ल्युबिंकोनं तो आवाज पडद्यावर पसरला:
दात, दात, दात, एकसारखे, करवतीसारखे,
आणि मग मध्येच एक मऊ टेकडी.
"ही तुझी आई," तो म्हणाला.
टेकडीखाली एकशेएक्केचाळीस बाइट गाडले गेलेले.

तीन गुरुवार लागले.
आधीचं पाहून, पुढचं ताडून,
राडोयकानं एकेक भरला, कीड उपसून भरावा तसा.
चौथ्या गुरुवारी पडदा काळा झाला,
काळाच राहिला,
आणि मग एक फुल्यांचं जंगल खालून वर सरकू लागलं,
त्यातून वाट काढणारा, एका अक्षराचा, स्कीवाला.
जीव भांड्यात पडला.
तिहोमिर पहिल्याच झाडावर आपटला
आणि आम्ही असे टाळ्या पिटल्या
की वरच्या मजल्यावरून कुणीतरी काठी ठोकली.

अकरा मिनिटं खेळलो. खरं तर खेळ भिकार होता.

ल्युबिंकोनं दोन फाइली दिल्या.
एक चालते. एक चालत नाही.
"दुसरी पुसू का?"
राडोयकानं प्लमच्या दारूचा पेला
तोंडापर्यंत नेऊन तसाच धरला.
मी म्हटलं, राहू दे, जागा कुठं खाते.

घरी सगळे झोपल्यावर कानांत ती लावली, न चालणारी.
किर्रर्र. किर्रर्र. एक पळी पातेल्याला लागते.
मग ती. किती तरुण आहे आवाज,
आज माझ्याहून वीसएक वर्षांनी लहान.
आणि तिच्यामागोमाग, जे मला आठवतच नव्हतं,
मायक्रोफोनच्या अगदी जवळ, धारदार:
"श्श्श!"

म्हणजे त्या एकशेएक्केचाळीसमधले शेवटचे पन्नासेक
तिचे नव्हतेच.

गुरुवारी हे कुणाला बोललो नाही.
तिहोमिरचा डिस्क ड्राइव्ह उघडला होता,
त्याचा पट्टा सैल झालेला.
मी दिवा धरला.